वास्तूभोवतीची बाग ही शिल्लक जागा नव्हे

एखाद्या शहरात नाट्यगृह, ग्रंथालय किंवा वस्तुसंग्रहालय बांधावयाचे ठरले म्हणजे इमारतीच्या प्रत्येक अंगाची चर्चा होते. आसनसंख्या किती असावी, घुमट असावा की नसावा, दर्शनी भागाला कोणता दगड लावावा, नाव कोणाचे द्यावे, या प्रश्नांवर सभागृहात तासन्‌तास भाषणे होतात. त्या इमारतीभोवती जी मोकळी जमीन उरते तिचे काय करावयाचे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. अंदाजपत्रकाच्या अखेरीस ‘परिसर सुशोभीकरण’ या एका शब्दाखाली तिची बोळवण केली जाते. मग उद्‌घाटनाच्या आधी आठ दिवस मालमोटारी भरून कुंड्या येतात, हिरवळीचे गालिचे अंथरले जातात, रंगीत कारंजे बसते आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लागते. वर्षभरात कारंजे बंद पडते, हिरवळ करपते आणि वाहनांच्या दोन रांगा तेथे कायमच्या वस्तीला येतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी हे दृश्य पाहावयास मिळेल.

‘सुशोभीकरण’ हा शब्दच मुळी या दुर्लक्षाची साक्ष देतो. शोभा ही वरून चढवावयाची वस्तू आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुतः सार्वजनिक वास्तूभोवतीची बाग हे त्या वास्तूचे पहिले दालन होय. रस्त्यावरच्या गोंगाटातून आलेला माणूस नाटक किंवा चित्र पाहण्याच्या मनःस्थितीत येतो तो या दालनातून चालत असताना. प्रयोग संपल्यावर त्याविषयी चार शब्द बोलावयाचे तेही येथेच. शिवाय ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत, किंवा ज्याला आत जाण्याचा संकोच वाटतो, अशा माणसाचा त्या संस्थेशी येणारा संबंध एवढाच, की तो बाहेरच्या झाडाखाली येऊन बसतो. अशा जागेची रचना कशी असावी हा प्रश्न माळ्यावर किंवा ठेकेदारावर सोपवून देण्याइतका किरकोळ नाही. तो नगररचनेचा आहे आणि काही अंशी लोकशाहीचाही आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. मुंबईत भायखळ्याला असे एक उदाहरण दीडशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. राणीबाग आणि तिच्या प्रवेशद्वारापाशी असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही दोन नावे आज आपण वेगवेगळी उच्चारतो. एक प्राणी पाहण्याचे ठिकाण आणि दुसरे जुन्या वस्तू पाहण्याचे, अशी आपली समजूत झालेली आहे. परंतु या दोहोंचा जन्म एकाच कल्पनेतून झाला.

एका कल्पनेची दोन अंगे

मुंबईतले पहिले संग्रहालय १८५० नंतरच्या दशकात किल्ल्यातल्या एका बराकीत सुरू झाले होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि संग्रहाची वाताहत झाली. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, मुंबईच्या नागरिकांनी सभा घेऊन नव्या संग्रहालयाचा आणि सार्वजनिक उद्यानाचा संकल्प सोडला. या कार्यात नाना शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी होते आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड होते. बर्डवुड हे पेशाने वैद्य, पण वनस्पतींचे अभ्यासक. मुंबई इलाख्यात पिकणाऱ्या व तयार होणाऱ्या पदार्थांची जंत्री त्यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केली. भाऊ दाजीही वैद्य. शिलालेखांच्या वाचनासाठी त्यांचे नाव जेवढे झाले, तेवढेच महारोगावरील वनस्पतिजन्य औषधाच्या शोधासाठीही झाले. अशा मंडळींनी संग्रहालय आणि वनस्पतिउद्यान एकाच आवारात मांडावे, हा योगायोग खचित नव्हे.

पश्चिम हिंदुस्थानातील कृषी व उद्यानविद्येच्या संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. ती भायखळ्याच्या सुमारे ३३ एकर जमिनीवर आणण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रीयर यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. संग्रहालयाची पायाभरणीही त्याच वर्षीची. आराखडा विल्यम ट्रेसी यांचा, इमारत पूर्ण होऊन लोकांसाठी खुली झाली ती २ मे १८७२ रोजी. आत लाकूड, धातू, माती, कापूस यांपासून इथल्या कारागिरांनी काय घडविले ते मांडलेले, आणि बाहेर ती झाडे, ज्यांच्यापासून लाकूड, तेल, डिंक, रंग आणि औषध मिळते. आतून बाहेर येणाऱ्या विद्यार्थ्याला एकच धडा दोन भाषांत वाचावयास मिळावा, अशी ही योजना होती. वसाहतीच्या राज्यकर्त्यांचा व्यापारी हेतू तिच्यामागे होता, हे नाकारता येणार नाही. इलाख्यात कोणता कच्चा माल निपजतो याची यादी त्यांना हवीच होती. तथापि ज्या शेटियांनी आणि विद्वानांनी वर्गणी देऊन व खपून ही संस्था उभी केली, त्यांच्या मनात लोकशिक्षणाची निष्ठा होती, हेही तितकेच खरे.

पुढे १८७३ च्या सुमारास उद्यानविद्येची संस्था मोडीत निघाली आणि बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. १८९० मध्ये आणखी सुमारे १५ एकर जमीन जोडून प्राणिसंग्रहालय वाढविण्यात आले. तेव्हापासून या बागेत तीन संसार एकत्र नांदू लागले. वनस्पतींचा, प्राण्यांचा आणि संग्रहालयातील वस्तूंचा. त्यांत गर्दी खेचण्याचे सामर्थ्य वाघ-हत्तींकडे अधिक असल्यामुळे उरलेले दोघे हळूहळू मागे पडले. मुलांना घेऊन आलेली कुटुंबे संग्रहालयावरून चालत पिंजऱ्यांकडे जात आणि गोरखचिंचेच्या प्रचंड बुंध्याला टेकून डबा उघडीत. पण ती गोरखचिंच आफ्रिकेतून आलेल्या वंशाची आहे, हे त्यांना सांगणारे तेथे कोणी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या आवाराला आणखी एक काम लागले. शहरातील चौकांतून हलविलेले इंग्रजी अमदानीतले पुतळे येथे आणून ठेवण्यात आले. ज्याच्यावरून ‘काळा घोडा’ हे नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथे आला. घारापुरीचा दगडी हत्ती तर त्याच्याही आधीचा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले, ते या बागेत आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जोडले गेले. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी एका बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. म्हणजे इतिहासाची सामग्री जशी इमारतीत आहे तशी बागेतही आहे. ती पाहणाऱ्याला सुसंगत रीतीने दिसावी अशी मांडणी करणे, हेच उद्यानरचनाकाराचे काम असते.

वृक्षांची बाजू कोणी घ्यावी?

इमारतीच्या बाबतीत मुंबईने एक चांगला धडा घालून दिला आहे. १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव मिळालेले हे संग्रहालय नंतरच्या काळात फार दुरवस्थेला पोहोचले होते. २००३ ते २००८ या काळात महापालिका, ‘इंटॅक’ ही वारसाजतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन त्याचा जीर्णोद्धार केला. २००५ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-पुरस्कार या कामाला दिला. मूळ रंग कोणता, मूळ नक्षी कशी, याचा शोध घेऊन एकेक थर उकलून काम झाले. घाईने नवे चढविण्यापेक्षा जुने समजून घेणे श्रेयस्कर, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

त्याच काळात त्याच आवारातल्या बागेविषयी मात्र नेमका उलटा विचार चालला होता. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाची एक भव्य योजना पुढे आली. थायलंडमधील सल्लागारांकडून आराखडा करून घेण्यात आला. खर्चाचा आकडा चारशे कोटी रुपयांच्या पुढे गेला. जगातील निरनिराळ्या प्रदेशांचे देखावे निर्माण करून त्यांत प्राणी ठेवावयाचे, अशी कल्पना होती. परंतु ज्या जमिनीवर हे देखावे उभे राहावयाचे ती मोकळी नव्हती. तिच्यावर तीन हजारांहून अधिक वृक्ष होते आणि त्यांच्या जाती पावणेतीनशेच्या वर भरत होत्या. अ‍ॅमहर्स्टिया म्हणजे आपली उर्वशी, सीतेचा अशोक, कैलासपती, महोगनी, मादागास्करचा कोलव्हिलिया! एवढ्या थोड्या जागेत इतके वैविध्य मुंबईत अन्यत्र मिळणे कठीण. शाळा-महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची ही उघडी प्रयोगशाळा होती. कृत्रिम जंगल उभारण्यासाठी खरे वृक्ष अडचणीचे ठरावेत, यापरता विपर्यास कोणता?

सुदैवाने काही वनस्पतिप्रेमी नागरिक, आणि त्यांत स्त्रियांचा पुढाकार मोठा, या वृक्षांची बाजू मांडण्यास पुढे आले. त्यांनी समिती स्थापन केली, झाडांची मोजदाद केली, अर्ज-विनंत्या केल्या आणि वारसा जतन समितीपुढे आक्षेप नोंदविले. ही बाग केवळ प्राणिसंग्रहालयाचे आवार नसून स्वतःच एक वारसास्थळ आहे, हा त्यांचा मुद्दा होता. अखेर योजना पुष्कळ आटोपशीर करावी लागली. या लढ्यात आवेशापेक्षा माहितीचा उपयोग अधिक झाला, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रत्येक झाडाचे नाव आणि ठिकाण ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापुढे ‘थोडीशी झाडे हलवावी लागतील’ असे मोघम उत्तर टिकू शकले नाही.

त्यानंतरही बदल थांबले नाहीत. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना दाखविण्यात येऊ लागले. गर्दी वाढली. त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबासाठी १०० रुपयांची सवलत ठेवण्यात आली, हे खरे. तरीही येथे तत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. प्राणी सांभाळण्याचा खर्च मोठा आहे आणि तो पाहणाऱ्याकडून काही अंशी वसूल करणे गैर म्हणता येत नाही. पण ज्याला फक्त सावलीत बसावयाचे आहे, किंवा जी विद्यार्थिनी वही घेऊन पाने निरखावयास आली आहे, तिने पेंग्विनच्या शीतगृहाचा भार का उचलावा? एकाच दाराने तिन्ही गोष्टी विकल्या जाऊ लागल्या म्हणजे सर्वांत महाग गोष्टीचा दर इतर दोहोंवर लादला जातो. उद्यान, संग्रहालय आणि प्राणी यांच्या वाटा व दारे वेगळी आखता आली असती. हा आखणीचा प्रश्न आहे. केवळ हिशेबाचा समजून तो सुटणार नाही.

संग्रहालयालाही वाढीची गरज आहेच. नव्या दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुशिल्पी स्टीव्हन हॉल यांच्या आराखड्याची निवड झाली होती. असे विस्तार आज ना उद्या प्रत्येक संस्थेपुढे उभे राहतात. त्या वेळी बागेकडे ‘उपलब्ध भूखंड’ म्हणून पाहावयाचे की संग्रहाचाच एक भाग म्हणून, यावर पुढील सारे अवलंबून राहील.

वास्तू आणि भूमी यांचा मेळ

वास्तू आणि भूमी यांचा मेळ बसू शकतो, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन १९८२ मध्ये सुरू झाले. तलावाकडे उतरत जाणाऱ्या टेकाडावर त्यांनी उंच इमारत चढविली नाही. गच्च्यांवरून, पायऱ्यांवरून आणि खोल चौकांतून माणूस खाली उतरत जातो आणि दालने त्याला वाटेत भेटतात. छप्पर हेच उद्यान झाले आहे. पणजीला मांडवीच्या काठी याच वास्तुशिल्पींनी कला अकादमी बांधली. दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह तीत आहे. रस्त्याकडून नदीकडे सहज चालत जाता यावे, वाटेत कोणी अडवू नये, अशी तिची मोकळी रचना आहे. नाटक पाहावयाचे नसले तरी संध्याकाळी तेथे येऊन बसणारा गोमंतकीय हा त्या वास्तूचा खरा आश्रयदाता होय. अशा वास्तूची निगा राखण्यात हयगय झाली म्हणजे काय होते, तेही गोव्याने पाहिले. नूतनीकरण चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले.

परदेशातले एक अलीकडचे उदाहरणही बोलके आहे. ग्रीसमध्ये अथेन्सच्या समुद्रकाठी, जेथे पूर्वी घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते, तेथे २०१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय आणि संगीतनाट्यगृह यांचे संकुल पूर्ण झाले आणि पुढच्या वर्षी ते ग्रीक शासनाच्या स्वाधीन करण्यात आले. इटालियन वास्तुशिल्पी रेंझो पियानो यांनी तेथील सपाट जमीनच तिरपी करीत करीत ३२ मीटर उंचीपर्यंत उचलली आणि दोन्ही वास्तू त्या टेकडीच्या पोटात बसविल्या. रस्ते आणि इमारतींमुळे शहराला पारखा झालेला समुद्र या उतारावरून पुन्हा दिसू लागला. सुमारे २१ हेक्टरांच्या या उद्यानाची रचना डेबोरा नेव्हिन्स यांची आहे. त्यांनी तेथे ऑलिव्ह, सुरू, लॅव्हेंडर, रोझमेरी अशी भूमध्यसागरी हवामानाला सरावलेली, थोड्या पाण्यावर जगणारी झाडेझुडपे लावली. शेजारी ४०० मीटर लांबीचा कालवा आहे. उद्यानात प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत. एका खाजगी प्रतिष्ठानाच्या अफाट द्रव्यबळावर हे घडले, आणि तेवढे धन आपल्या नगरपालिकांपाशी नाही, हे उघड आहे. पण आपल्याच मातीतली झाडे लावणे, चढउताराचा उपयोग करणे आणि दार उघडे ठेवणे, या तीन गोष्टींना अफाट द्रव्य लागत नाही.

यासंबंधात थोडे तांत्रिक बोलणे आवश्यक आहे. वृक्षाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या एक-दोन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. बुंध्याभोवती फरशी किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसविले म्हणजे मुळांना पाणी व हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही; पाच-दहा वर्षांनी एखाद्या पावसाळ्यात कोसळते आणि दोष वाऱ्याला दिला जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी. दुसरी गोष्ट हिरवळीची. इंग्लंडच्या ढगाळ हवेत उन्हात बसण्यासाठी हिरवळ हवी असते. आपल्या चैत्र-वैशाखात माणूस शोधतो ती सावली. हिरवळीला रोज पाणी आणि कापणी लागते, आणि इतके करून तिच्यावर बसण्यास मनाई! त्यापेक्षा वडाचा किंवा करंजाचा पार शतपटींनी उपयुक्त. आपल्या गावांतील देवळांपुढचा पार, दीपमाळेभोवतीचे पटांगण, घाट आणि त्यावरील ओवऱ्या ही आपली परंपरागत परिसररचनाच होती. तिला कोणी सुशोभीकरण म्हटले नाही, कारण ती उपयोगातून घडली होती.

यावर व्यवहारी माणसांचे काही आक्षेप असतात. वाहने कोठे उभी करावयाची? खुल्या आवारात उपद्रवी मंडळी येतात त्यांचे काय? निगा राखण्यास माळी कोठून आणावयाचे? हे प्रश्न खोटे नाहीत. नाट्यगृहात येणारा प्रेक्षक रात्री उशिरा घरी जातो आणि त्याला वाहन लागते. पण वाहनतळासाठी मधली जागा देण्याऐवजी कडेची द्यावी, आणि तीही झाडांच्या रांगांत, एवढे तर करता येते. उपद्रवाचा बंदोबस्त कुंपणाच्या उंचीपेक्षा वर्दळीने अधिक चांगला होतो. जेथे संध्याकाळी म्हातारी माणसे, बाया-मुले निर्धास्त बसतात तेथे गुंडगिरी फिरकत नाही. माळ्यांचा प्रश्न मात्र खरोखरच गंभीर आहे. बागेची देखभाल वार्षिक ठेक्यावर दिली म्हणजे झाडाला ओळखणारा माणूसच तेथे उरत नाही. वृक्ष पन्नास वर्षांचा आणि त्याचा रखवालदार अकरा महिन्यांचा, हा हिशेब जुळणारा नाही.

कायद्याची साथ काही प्रमाणात आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनाचा अधिनियम १९७५ पासून अस्तित्वात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ असा दर्जा दिला. पण कायदा झाड तोडण्यास परवानगी द्यावी की नाही, एवढेच पाहतो. त्या झाडाखाली बसता येते काय, त्याचे नाव वाचता येते काय, त्याच्या मुळांशी सिमेंट ओतले आहे काय, हे पाहण्याचे काम नागरिकांनाच करावे लागेल.

म्हणून काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. सांस्कृतिक वास्तूचा आराखडा मंजूर करताना तिच्या परिसराचा आराखडाही त्याच वेळी, उद्यानरचनाकाराच्या सहीने, लोकांपुढे ठेवावा. आवारातील प्रत्येक वृक्षाची नोंद कामाच्या आधी व्हावी आणि ती कोणालाही पाहता यावी. बागेत बसण्यास शुल्क नसावे. असलेच तर ते आतल्या दालनाचे असावे. झाडांवर मराठी नावांच्या पाट्या असाव्यात आणि त्या शाळेतल्या मुलांना समजतील अशा असाव्यात. देखभालीसाठी कायम माळी असावेत आणि त्यांच्या वेतनाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हावी. राणीबागेपुरते सांगावयाचे तर, संग्रहालय आणि वनस्पतिउद्यान यांच्यातला तुटलेला दुवा पुन्हा जोडावा. संग्रहालयात लाकडी कोरीवकाम पाहणाऱ्या मुलाला त्या लाकडाचे झाड पन्नास पावलांवर दाखविता येते, अशी सोय देशातील किती संस्थांपाशी आहे?

शिक्षकांना येथे विशेष वाव आहे. सहलीला राणीबागेत नेलेल्या वर्गाने वाघापुढे अर्धा तास घालविला तर दोन झाडांपुढे दहा मिनिटे घालवावीत, त्यांची नावे वहीत उतरवावीत आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने ती झाडे जागेवर आहेत की नाहीत ते पडताळून पाहावे. २००७ नंतरच्या लढ्यात नागरिकांच्या हाती जे हत्यार होते ते अशाच याद्यांचे होते. यापुढे गावोगावी नाट्यगृहे आणि संग्रहालये उभी राहतील, जुनी पाडून नवी बांधण्याच्या योजना येतील, आणि प्रत्येक वेळी भोवतालची मोकळी जमीन सर्वांत आधी डोळ्यांत भरेल. त्या वेळी तिच्यावर काय काय उभे आहे हे सांगू शकणारी माणसे त्या गावात असतील, तरच ती जमीन बाग म्हणून राहील.